फुलझाडांचे स्थलीय प्रजोत्पादन : क्रमविकास

फुले, फळे व त्यांत बंदिस्त बीजे धारण करणाऱ्या वनस्पतींना ‘आवृतबीज वनस्पती’ किंवा सामान्य भाषेत ‘फुलझाडे’ म्हणतात. जमिनीवरील वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी फार मोठा भाग, सु. तीन लक्ष जाती, या एकाच गटात मोडतो. गहू, भात, ज्वारी यांसारखी तृणधान्ये, सर्व कडधान्ये, बहुतेक फळे व भाज्या, तसेच कापूस, ऊस आणि साग ही सर्व फुलझाडेच आहेत. त्यांचे अतिप्राचीन पूर्वज मात्र पाण्यात राहणारी हिरवी शैवले होती आणि त्यांचे लैंगिक प्रजोत्पादन सर्वस्वी पाण्यावर अवलंबून होते. पोहून जाणाऱ्या रेतुकाची (पुं-जननकोशिकेची) जागा परागकण व परागनलिका यांनी कशी घेतली आणि उघड्या पाण्याशिवाय फलन कसे शक्य झाले, हा वनस्पतींच्या क्रमविकासातील (उत्क्रांतीतील) एक मूलभूत प्रश्न होय.

समस्येचे स्वरूप : पाण्यातील शैवलांना प्रजोत्पादनासाठी विशेष व्यवस्था लागत नाही. त्यांची गंतुके (जननकोशिका) पाण्यात मुक्त होतात, कशाभिकांच्या (चाबकासारख्या केसांच्या) साहाय्याने पोहतात व परस्परांशी संयोग पावतात. त्यातून झालेले रंदुक (फलित कोशिका) पाण्यातच वाढते आणि पाणीच त्याचा प्रसारही करते. जमिनीवर या चारही गोष्टी अवघड होतात. हवेत उघडी कोशिका काही क्षणांत सुकते. रेतुकाला पोहण्यास माध्यम नसते. कोवळ्या गर्भाला आधार व अन्न मिळत नाही. आणि नव्या पिढीला दूर नेणारा प्रवाहही नसतो. संरक्षण, वहन, पोषण व प्रसार या चार अडचणींची उत्तरे एकदम सापडलेली नाहीत. ती निरनिराळ्या काळी, पायरीपायरीने व बहुधा जुन्याच अवयवांत फेरफार होऊन निर्माण झाली.

पिढ्यांचे एकांतरण : जमिनीवरील प्रत्येक वनस्पतीच्या जीवनचक्रात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. गुणसूत्रांचा एकच संच असलेली (एकगुणित) पिढी गंतुके निर्माण करते, म्हणून तिला ‘गंतुकधारी’ म्हणतात. दोन गंतुकांच्या संयोगातून दोन संचांची (द्विगुणित) पिढी होते. ती न्यूनीकरण विभाजनाने बीजुके निर्माण करते, म्हणून ती ‘बीजुकधारी’ होय. बीजुक रुजून पुन्हा गंतुकधारी बनतो. शेवाळी, नेचे व शंकुमंत वृक्ष या बाह्यतः अगदी भिन्न दिसणाऱ्या वनस्पतींत हेच चक्र चालते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखविले. पावसाळ्यात जुन्या भिंतींवर दिसणारा शेवाळ्यांचा हिरवा थर हा गंतुकधारी असतो. त्यावर उभे राहणारे बारीक दांडे व टोकावरील बोंडे म्हणजे बीजुकधारी पिढी होय. नेच्याचे मोठे झाड बीजुकधारी असते आणि त्याचा गंतुकधारी (पूर्वकायक) नखाएवढा, जमिनीला चिकटून वाढणारा असतो. फुलझाडांत हा ऱ्हास टोकास गेला आहे : वड किंवा आंबा यांचा संपूर्ण वृक्ष बीजुकधारी असून गंतुकधारी पिढी परागकणात व बीजकात लपलेल्या काही थोड्या कोशिकांपुरती उरली आहे. स्थलीय प्रजोत्पादनाचा इतिहास हा बव्हंशी या ऱ्हासाचाच इतिहास आहे.

जमिनीवरील पहिल्या वनस्पती : गोड्या पाण्यातील काही हिरव्या शैवलांत रंदुक मातृशरीराला चिकटून राहते. जमिनीवरील वनस्पतींत याच्या पुढची पायरी गाठली गेली. त्यांच्यात अंदुक (स्त्री-जननकोशिका) सुरईच्या आकाराच्या ‘अंदुककलश’ या अवयवात सुरक्षित राहते व फलनानंतर गर्भ तेथेच मातृकोशिकांकडून पोसला जातो. दुसरे महत्त्वाचे अनुयोजन (परिस्थितीशी जुळवून घेण्याची सोय) बीजुकाच्या भित्तीत झाले. स्पोरोपोलेनीन या अत्यंत चिवट द्रव्यामुळे बीजुक न सुकता हवेतून वाहून जाऊ लागले. अशा भित्तींची सु. ४७ कोटी वर्षांपूर्वीची बीजुके ऑर्डोव्हिसियन कल्पातील खडकांत सापडली असून जमिनीवरील वनस्पतींचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो. पुढे शरीरावर मेणचट उपत्वचा, वायूंच्या देवघेवीसाठी त्वग्रंध्रे व पाणी वाहून नेणारी वाहक ऊतके आली.

स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या गावाजवळच्या सु. ४०·७ कोटी वर्षांपूर्वीच्या चर्ट खडकात अशा प्रारंभिक वनस्पती कोशिकांच्या तपशिलासह टिकून राहिल्या आहेत. रॉबर्ट किडस्टन व विल्यम लँग यांनी त्यांची वर्णने १९१७–२१ या काळात प्रसिद्ध केली. त्या खडकात पुढे ओळखता आलेले गंतुकधारी उभे वाढणारे असून त्यांच्या पेल्यासारख्या टोकांवर जननेंद्रिये होती, असे आढळले. त्या काळी दोन्ही पिढ्या स्वतंत्र व बऱ्याच अंशी सारख्या होत्या. तथापि रेतुकाला पोहण्यासाठी पावसाच्या किंवा दवाच्या पाण्याचा पातळ थर अजूनही आवश्यक होता. शेवाळी व नेचे यांना तो आजही लागतो. सह्याद्रीत त्यांची वाढ मुख्यतः पावसाळी व दमट जागी आढळते याचे हे एक प्रमुख कारण आहे.

असमबीजुकत्व : बहुतेक नेच्यांची सर्व बीजुके सारखी असतात. डेव्होनियन कल्पात (सु. ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी) अनेक वनस्पतिवंशांत एकमेकांपासून स्वतंत्रपणे दोन प्रकारची बीजुके निर्माण होऊ लागली : पुं-गंतुकधारी देणारी सूक्ष्म ‘लघुबीजुके’ आणि अन्नसाठा असलेली मोठी, स्त्री-गंतुकधारी देणारी ‘गुरुबीजुके’. हल्लीच्या सिलाजिनेला, मार्सिलिया व ॲझोला या वनस्पतींत ही स्थिती दिसते. त्यांचा गंतुकधारी बीजुकाच्या भित्तीतच वाढतो व स्वतः अन्न तयार करण्याऐवजी मातृवनस्पतीने दिलेल्या साठ्यावर जगतो. उघड्या, सुकणाऱ्या जमिनीवर स्वतंत्रपणे जगण्याची जबाबदारी अशा रीतीने नाजूक गंतुकधारीवरून मुळे, खोड व पाने असलेल्या बीजुकधारीवर गेली. ही पायरी नसती, तर बीज संभवले नसते.

बीजकाची उत्पत्ती : गुरुबीजुक बाहेर टाकून न देता बीजुककोशातच ठेवले गेले आणि कोशाभोवती आणखी एक आवरण आले, म्हणजे ‘बीजक’ तयार होते. बीजकातील चार बीजुकांपैकी बहुधा तीन नाश पावतात व एकच वाढते. बीजुककोशाची भित्ती म्हणजे ‘प्रदेह’ आणि बाहेरचे आवरण म्हणजे ‘अध्यावरण’ होय. अध्यावरणाच्या टोकाशी राहिलेल्या छिद्रास ‘बीजकरंध्र’ म्हणतात. बेल्जियममध्ये सापडलेल्या सु. ३८·५ कोटी वर्षांपूर्वीच्या रंकॅरिया या जीवाश्मात गुरुबीजुककोशाभोवती खंडित, जाळीदार आवरण आहे. परंतु ते पूर्ण मिटलेले नाही. डेव्होनियन कल्पाच्या अखेरच्या एल्किन्सिया या अमेरिकेतील जीवाश्मात खऱ्या बीजकाची रचना दिसते. अध्यावरण प्रथम सुट्या खंडांच्या कड्याच्या रूपात होते व नंतर ते खंड जुळून सलग झाले, असे या क्रमावरून दिसते.

नेच्यासारखी पाने व बीजे एकाच वनस्पतीची असू शकतात, हे फ्रान्सिस ऑलिव्हर व ड्युकिनफील्ड स्कॉट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये दाखवून दिले. दगडी कोळशाच्या थरांतील एका बीजावरील विशिष्ट ग्रंथी त्याच थरांतील ‘नेच्याच्या’ पानांवरील ग्रंथींशी तंतोतंत जुळल्या. अशा विलुप्त वनस्पतींना ‘बीजी नेचे’ हे नाव मिळाले.

परागकण व परागनलिका : लघुबीजुक वाऱ्याने थेट बीजकापर्यंत पोहोचू लागले, तेव्हा ते ‘परागकण’ झाले. प्रारंभी त्याचे कार्य रेतुकांना बीजकाच्या तोंडाशी नेण्याचे होते. शेवटचे थोडे अंतर रेतुक पोहूनच जात. या अवस्थेचे अवशेष आजही आहेत. साकुगोरो हिरासे यांनी १८९६ मध्ये टोकिओ येथील गिंकोच्या वृक्षात कशाभिकायुक्त, पोहणारी रेतुके पाहिली व त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना ती सायकसमध्ये आढळली. सायकसवर्गीय वनस्पतींची रेतुके वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठी असून काही जातींत ती नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखी दिसू शकतात. पोहण्यासाठी लागणारा द्रव मात्र येथे पावसाचा नसून तो बीजकाच्या आतच उपलब्ध होतो. पूर्वजांचे पाणी वनस्पतीने अशा प्रकारे आपल्या शरीरात घेतले असे म्हणता येते.

या वनस्पतींत परागकणातून निघणारी नलिका मुख्यतः प्रदेहातून अन्न शोषण्याचे काम करते. शंकुमंत वृक्ष, नीटमवर्गीय वनस्पती व फुलझाडे यांत तिला नवे कार्य मिळाले : ती वाढत अंदुकापर्यंत जाते व पुं-गंतुके तेथे सोडते. पुं-गंतुकांच्या कशाभिका नाहीशा झाल्या आणि फलनासाठी पोहण्याची गरज संपली. शोषणासाठी निर्माण झालेला अवयव वहनासाठी उपयोगात आला, हे क्रमविकासाच्या पद्धतीचे चांगले उदाहरण होय.

नलिकेचा वेगही पुढे वाढला. पाइन वृक्षात परागण व फलन यांमध्ये साधारणपणे एका वर्षाहून अधिक काळ जातो. मक्यात कणसाच्या टोकाबाहेर लोंबणारा प्रत्येक रेशमासारखा धागा हा एका दाण्याचा किंजल असतो. त्यातील वीसपंचवीस सेंमी. अंतर परागनलिका सु. एका दिवसात कापते. शेवटच्या टप्प्यात तिला दिशा दाखविण्याचे काम अंदुकाशेजारच्या दोन सहायक कोशिका करतात. त्यांनी स्रवलेली व नलिकेला आकर्षून घेणारी लहान प्रथिने तोरेनिया या वनस्पतीत जपानी संशोधकांनी ओळखली. हे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

किंजदल व फूल : पाइन, सायकस इत्यादींची बीजके उघडी असतात, म्हणून त्यांना ‘प्रकटबीज’ म्हणतात. फुलझाडांत बीजके ‘किंजदल’ या मिटलेल्या अवयवात असतात. वाटाण्याची शेंग हे एकाच किंजदलाचे फळ होय. ती शिवणीवर उलगडली असता लांबट पानासारखी दिसते व दाणे तिच्या कडांना चिकटलेले आढळतात. पानासारखा अवयव मधोमध दुमडून कडा जुळल्याने किंजदल बनले असावे, या मतास त्यामुळे पुष्टी मिळते. फुलाचे सर्व भाग पानांची रूपांतरे आहेत, ही कल्पना जर्मन कवी गटे यांनी १७९० मध्ये मांडली होती. फुलांचे भाग ठरविणारी जीनांची तीनही कार्ये बंद पाडल्यास त्या जागी पानांसारखे अवयव येतात, हे ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीवरील प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले.

मिटलेल्या किंजदलामुळे कोवळी बीजके सुकण्यापासून व कीटकांपासून सुरक्षित झाली. त्याचबरोबर परागकण बीजकावर थेट पडू शकत नसल्याने त्याला उतरण्यासाठी ‘किंजल्क’ हा ग्राही भाग निर्माण झाला. कोरडा परागकण किंजल्काकडून पाणी शोषतो व मगच रुजतो. येथे निवडही होते : अनेक जातींत स्वतःच्याच फुलाचे पराग ओळखून त्यांची वाढ रोखली जाते व परफलन घडते. रंग, गंध व मधुरस यांच्या योगे कीटक, पक्षी व वटवाघळे यांच्याकडून परागवहन करून घेण्याची सोयही फुलात झाली. त्यामुळे दूरदूर विखुरलेल्या झाडांतही फलन शक्य झाले.

गर्भकोश व दुहेरी फलन : फुलझाडांत स्त्री-गंतुकधारी म्हणजे बीजकातील सूक्ष्म ‘गर्भकोश’ होय. नेहमीच्या प्रकारात त्यात सात कोशिका व आठ प्रकले असतात. अंदुककलश पूर्णपणे नाहीसा झालेला असतो. परागनलिकेतून दोन पुं-गंतुके येतात. त्यांपैकी एक अंदुकाशी संयोग पावून गर्भ बनविते; दुसरे मध्य कोशिकेतील दोन प्रकलांशी मिळून ‘पुष्क’ हे पोषक ऊतक निर्माण करते. सेर्गेई नव्हाशीन यांनी १८९८ मध्ये लिली व फ्रिटिलेरिया यांत या ‘दुहेरी फलना’चा शोध लावला. भाताच्या अंदुकात १२, गर्भात २४ व पुष्कात ३६ गुणसूत्रे असतात. तांदूळ व गव्हाचे पीठ म्हणजे बव्हंशी पुष्कच होय; नारळाचे पाणी हे द्रवरूप, तर खोबरे हे घनरूप पुष्क आहे.

या व्यवस्थेत मोठी काटकसर आहे. पाइनमध्ये गर्भासाठीचे पोषक ऊतक फलनाआधीच वाढू लागते. फलन न झाल्यास ते वाया जाते. फुलझाडांत फलन झाल्यावरच पुष्क वाढते. पाणकमळांसारख्या काही प्राचीन वंशांत गर्भकोश चारच कोशिकांचा व पुष्क द्विगुणित असते. त्यामुळे सात कोशिकांचा गर्भकोश हा साध्या रचनेच्या द्विरुक्तीतून आला असावा, असा तर्क केला जातो.

बीज व फळ : फलनानंतर बीजकाचे बीज व किंजपुटाचे फळ होते. बीजात गर्भ, त्याची शिदोरी व संरक्षक कवच ही तिन्ही एकत्र असतात. गर्भातील पाणी कमी होऊन तो प्रसुप्तावस्थेत जातो व अनुकूल काळाची वाट पाहतो. चीनमधील एका वाळलेल्या सरोवराच्या गाळातील कमळाचे सु. १,३०० वर्षांपूर्वीचे बीज रुजल्याची नोंद आहे. आंबा व फणस यांची बीजे मात्र सुकली की मरतात. महाराष्ट्राच्या खाड्यांतील कांदळाची बीजे झाडावरच रुजतात व लांब अंकुर चिखलात पडून मूळ धरतो. रुईच्या बीजांना वाऱ्यावर उडणारा केसांचा झुपका असतो; वड व पिंपळ यांची फळे पक्षी खातात; नारळ पाण्यावर तरंगतो. प्रसाराचे काम पुन्हा वारा, प्राणी व पाणी यांच्याकडेच गेले. परंतु आता प्रवास करतो तो उघडा गंतुक नसून पूर्ण तयारीचा गर्भ असतो.

जीवाश्मांचा पुरावा : फुलझाडांचे निर्विवाद पराग क्रिटेशस कल्पाच्या प्रारंभीच्या, सु. १३·५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत आढळतात. त्यानंतर अल्प काळातच त्यांचे अनेक प्रकार दिसू लागतात. या आकस्मिक विस्ताराने चार्ल्स डार्विन अस्वस्थ झाले होते व १८७९ मध्ये जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मोठे गूढ असल्याचे म्हटले. एल्से मारी फ्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासून स्वीडनमधील क्रिटेशस गाळातून कोळशात रूपांतर झालेली काही मिमी. आकाराची फुले वर्णिली. त्यामुळे जुनी फुले मोठी व मॅग्नोलियासारखीच असावीत, ही समजूत बदलली. जीनांच्या तौलनिक अभ्यासावरून न्यू कॅलेडोनिया बेटावरील अँबोरेला हे झुडूप उरलेल्या सर्व फुलझाडांची भगिनी-शाखा असल्याचे १९९९ मध्ये दिसून आले. त्याच्या किंजदलाच्या कडा परस्परांत पूर्ण जुळलेल्या नसून स्रावाने बंद झालेल्या असतात.

दख्खनच्या लाव्हाथरांमधील, सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाच्या थरांतही फुलझाडांचे उत्तम जीवाश्म आहेत. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगावकलाँ येथे साह्निअँथस हे फूल व एनिग्मोकार्पॉन हे फळ मिळाले आहे. पूर्वी त्याच जिल्ह्यात असलेल्या सौंसर येथे ॲझोला या असमबीजुक वनस्पतीचे जीवाश्म मिळाले. जमिनीवरील प्रजोत्पादनाच्या दोन भिन्न पायऱ्या तेथे एकाच काळी नांदत होत्या.

पाण्याकडे परतलेली फुलझाडे : काही फुलझाडे पुन्हा पाण्यात गेली आहेत. व्हॅलिस्नेरियाची नर-फुले पाण्याखाली सुटून पृष्ठावर येतात व तरंगत मादी-फुलाला भिडतात. समुद्रातील झोस्टेराचे पराग धाग्यासारखे असून पाण्यातूनच वाहून जातात. तथापि यांपैकी कोणत्याही वनस्पतीत पोहणारे रेतुक पुन्हा निर्माण झालेले नाही. फलन परागनलिकेद्वारेच होते. गमावलेला अवयव परत न येता नव्याच अवयवाने जुन्या परिस्थितीला तोंड दिले जाते, हे येथे स्पष्ट होते.

अभ्यासाचा इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता आमीची हे १८२४ मध्ये घोळ या भाजीच्या किंजल्कावरील केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना एका परागकणातून नलिका बाहेर पडताना त्यांना दिसली. १८३० मध्ये त्यांनी ती बीजकापर्यंत जाते असे सांगितले. माटीआस श्लायडेन यांच्या मते नलिकेचे टोकच गर्भ बनत असे. आमीची यांनी १८४६ मध्ये ऑर्किडमध्ये अंदुक बीजकात आधीपासूनच असते हे दाखविले व होफमाइस्टर यांनी त्यास दुजोरा दिला. एडुआर्ट श्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये पुं- व स्त्री-प्रकलांचा संयोग प्रत्यक्ष पाहिला. भारतात पंचानन महेश्वरी यांनी दिल्ली विद्यापीठात भ्रूणविज्ञानाची परंपरा निर्माण केली. १९६२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी अफूच्या बीजकांचे परीक्षानलिकेत फलन घडवून आणले.

महत्त्व : उघड्या पाण्यावरील अवलंबन संपले, तरी परागकण रुजणे व नलिका वाढणे हे टप्पे जीवनचक्रात अजूनही सर्वांत नाजूक आहेत. भाताच्या फुलोऱ्याच्या वेळी तापमान सु. ३५° से.पेक्षा अधिक झाल्यास परागकोश नीट उघडत नाहीत, पराग रुजत नाहीत व लोंबीत पोचट दाण्यांचे प्रमाण वाढते. फुलोऱ्यात लागून राहिलेला पाऊस पराग धुऊन टाकतो व कीटकांची ये-जा थांबवितो. कीटकनाशकांच्या अविचारी वापराने परागवाहक कीटक कमी झाल्यास फळधारणा घटते. फुलोऱ्यातील उष्णता सहन करणारे किंवा पहाटे लवकर फुलणारे वाण शोधण्याचे प्रयत्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात. मनुष्याचे अन्न मुख्यतः पुष्क, दलिका व फळे यांतून येते. म्हणजे जमिनीवर गर्भ वाढविण्यासाठी फुलझाडांनी जी तरतूद केली, तिच्यावरच शेती उभी आहे.